भक्तीच्या शेजारचं घर

देवाच्या नावाचा एखादा मोबाइल गेम उघडला की बहुतेक वेळा एकच गोष्ट दिसते. मागे देऊळ किंवा अरण्य, पुढे धावणारा बालरूपातला देव, वाटेवर नाणी, समोरून येणारे राक्षस आणि त्यांना मारल्यावर वाढत जाणारा आकडा. देवाच्या जागी दरोडेखोर ठेवला आणि राक्षसांच्या जागी पोलीस ठेवले, तरी खेळात काहीच अडणार नाही. अंगठा तेच करील आणि मनही तेच करील. ग्रंथातून इथे फक्त नावं आणि वेश उचललेले असतात. धर्मग्रंथावर आधारलेल्या खेळात ग्रंथ नेमका कुठे असतो, हा प्रश्न त्यामुळेच विचारावासा वाटतो. मला त्याचं उत्तर खेळाच्या नियमांत दिसतं. काय केलं की पुढे सरकता येतं, काय केलं की खाली यावं लागतं, आणि खेळ कशाचा हिशेब ठेवतो, एवढ्या तीन गोष्टींवरून तो खेळ कोणत्या ग्रंथाचा आहे किंवा कोणत्याच ग्रंथाचा नाही, हे ठरतं. हा प्रश्न आपल्या घरापर्यंत आलेला आहे. ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावरचा मानपाडा घ्या किंवा डोंबिवलीचा, कल्याण-शीळ रस्त्यालगतचा मानपाडा घ्या. दोन्हीकडे जुन्या गावाभोवती मोठमोठी गृहसंकुलं उभी राहिली आहेत. या पट्ट्यातल्या आगरी वस्त्यांत हरिनाम सप्ताह अजून बसतात, मानपाडेश्वराच्या दर्शनाला माणसं अजून जातात. पण संकुलातल्या पुष्कळ मुलांची हनुमानाशी किंवा अर्जुनाशी पहिली ओळख आता कीर्तनात होत नाही, ती हातातल्या पडद्यावर होते. म्हणून त्या पडद्यावरच्या खेळाचे नियम कोण लिहितो आणि काय लिहितो, याकडे आपण गांभीर्याने पाहायला हवं.

असा खेळ आपल्याकडे नवा नाही. कवड्या टाकून खेळायचा मोक्षपट, म्हणजे आजच्या सापशिडीचं मूळ रूप, हा त्याचा जुना आणि नीट विचार करून बांधलेला नमुना आहे. परंपरा त्याचं श्रेय ज्ञानेश्वरांना देते. तेराव्या शतकातला त्याचा पुरावा हाती नाही आणि आज पाहायला मिळणारे पट पुष्कळ नंतरचे आहेत. तरी मराठी मुलखाने हा खेळ आपल्या सर्वांत लाडक्या संताच्या नावाने जपला, ही गोष्टसुद्धा बोलकी आहे. पुण्यात वा. ल. मंजूळ यांनी या पटांचा माग काढला, डॉ. रा. चिं. ढेरे यांच्या संग्रहातले पट त्यातून पुढे आले, आणि डेन्मार्कच्या जेकब श्मिट-मॅडसेन यांनी याच खेळाच्या इतिहासावर कोपनहेगन विद्यापीठात प्रबंध लिहिला. पटाचे प्रकार अनेक आहेत. जैन परंपरेत ८४ घरांचा पट सापडतो, उत्तरेकडच्या वैष्णव परंपरेत ७२ घरांचा. या ७२ घरांच्या पटाची एक रूढ मांडणी मुद्दाम लक्ष देऊन पाहण्यासारखी आहे. प्रत्येक घराला नाव आहे: माया, क्रोध, लोभ, दान, विवेक, सत्संग, नरक, तपोलोक. ५४वं घर भक्तीचं, आणि तिथून शिडी थेट ६८व्या घरात, वैकुंठात जाते. पण ५४च्या लगतचं ५५वं घर अहंकाराचं आहे, आणि तिथला साप खेळणाऱ्याला दुसऱ्या घरात, मायेत आणून सोडतो. भक्ती आणि अहंकार यांच्यात एका कवडीचं अंतर आहे, हे सांगायला या पटाला एकही ओवी लागलेली नाही. खेळणाऱ्याला ते आपल्याच सोंगटीच्या घसरणीतून कळतं. याहून सुंदर गोष्ट पुढे आहे. वैकुंठ ६८व्या घरात, पण पट ७२पर्यंत जातो. वैकुंठावर नेमकं दान पडलं नाही आणि सोंगटी पुढे गेली, तर ती सत्त्व, रज आणि तम या तीन गुणांच्या घरांकडे सरकते, आणि शेवटच्या, ७२व्या घरातला तमोगुण तिला ५१व्या घरात, पृथ्वीवर परत आणतो. सर्वांत मोठ्या आकड्याच्या घरात पोचणं म्हणजे जिंकणं नव्हे, हा विचार इथे नियम होऊन बसला आहे. नुसती बेरीज वाढवत राहणाऱ्या माणसाला हा पट पुन्हा जन्माला घालतो.

हाच खेळ पुढे इंग्लंडला गेला. तिथे १८९२ साली तो छापून विकला जाऊ लागला. व्हिक्टोरियन काळातल्या त्या पटांवर काटकसर, उद्योग, पश्चात्ताप यांच्या शिड्या होत्या आणि आळस, अवज्ञा, चैन यांचे साप होते. काही दशकांत तीही नावं पुसली गेली आणि उरले ते नुसते आकडे. आपल्या घरांतून आज जी सापशिडी असते, ती अशी परदेशातून आकडे होऊन परत आलेली आहे. नावं गेल्यावर ती एवढी रिकामी का झाली, याचा विचार केला तर मोक्षपटातली एक उणीव हाती लागते, आणि ती मान्य करायला हवी. मोक्षपटात खेळणारा काहीच ठरवत नाही. दयेच्या घरात तो दया करून जात नाही, कवडी पडली म्हणून जातो. प्रारब्धाचं रूप म्हणून हे ठीक आहे. जन्म कुठे मिळेल हे आपल्या हातात नसतं, हे कवड्या चांगलं सांगतात. पण मिळालेल्या जन्मात मी काय केलं, हा जो धर्मविचाराचा गाभा आहे, त्याला या पटावर जागा नाही. तो भाग खेळणाऱ्याने बाहेरून, घराचं नाव वाचून, मनात भरायचा असतो. नाव पुसलं की तो भागही गेला. भूमिकेचा खेळ, ज्याला आज रोल-प्लेइंग गेम म्हणतात, तो मला महत्त्वाचा वाटतो तो याच ठिकाणी. त्यात खेळणारा एका पात्राच्या अंगात शिरतो, गावोगाव हिंडतो, माणसांशी बोलतो, दोन-तीन वाटांतून एक निवडतो आणि त्या निवडीचं फळ भोगतो. मोक्षपटाला जे देता आलं नाही, ते देण्याची सोय या प्रकारात मुळातच आहे.

सोय असणं आणि ती वापरणं यात मात्र फार फरक पडतो. अमेरिकेत विज्डम ट्री या कंपनीने १९९१ पासून बायबलवर आधारलेले व्हिडिओ गेम काढले. 'बायबल ॲडव्हेंचर्स' या पहिल्या गाजलेल्या संचात बाळ मोशेला वाचवण्याचा एक खेळ होता. खेळण्याची पद्धत त्या काळच्या लोकप्रिय मारिओवरून घेतलेली असल्यामुळे बाळाला जसं उचलता येत होतं, तसंच फेकताही येत होतं. ज्या बाळाला वाचवणं हा कथेचा सगळा आशय, ते बाळ खेळाच्या लेखी एक उचलण्याफेकण्याची वस्तू झालं. १९९४ साली त्याच कंपनीने नोहाच्या नौकेवर एक खेळ काढला. तो वुल्फेन्स्टाइन या १९९२च्या बंदुकीच्या खेळाच्याच सांगाड्यावर उभा होता. सैनिकांच्या जागी बकऱ्या, मेंढ्या आणि इतर प्राणी आले, बंदुकीच्या जागी खाऊ फेकणारी गलोल आली, आणि खाऊ लागला की प्राणी झोपी जाऊ लागला. हेतू वाईट नव्हता. मुलांच्या हातून बंदूक काढून घ्यावी, असं बनवणाऱ्यांना मनापासून वाटलं असणार. पण बोळातून वळायचं, दिसेल त्यावर नेम धरायचा आणि तो पाडायचा, हे सगळं जसंच्या तसं राहिलं. ज्याने जिवांना सांभाळलं त्या नोहाकडून खेळाने शिकाऱ्याचंच काम करवून घेतलं. चित्र बदलल्याने ग्रंथ खेळात येत नाही, याचा याहून स्वच्छ पुरावा मला दुसरा माहीत नाही.

याच्या उलट उदाहरण 'अल्टिमा' मालिकेच्या चौथ्या भागाचं आहे. रिचर्ड गॅरियट यांनी १९८५ साली तो ॲपल टू या संगणकासाठी काढला. तो कोणत्याही एका धर्मग्रंथावर आधारलेला नाही, पण धर्मग्रंथाचं काम करू पाहणारा तो पहिला मोठा संगणकीय खेळ आहे. मालिकेच्या आधीच्या भागांत खेळणारे दुकानं लुटून आणि निरपराध माणसं मारूनसुद्धा शेवटी जगाचे तारणहार ठरत. गॅरियट यांना ते खुपलं. चौथ्या भागात त्यांनी मारण्यासाठी अंतिम खलनायकच ठेवला नाही. प्रामाणिकपणा, करुणा, शौर्य, न्याय, त्याग, सन्मान, अध्यात्म आणि नम्रता हे आठ गुण अंगी बाणवणं हेच ध्येय ठेवलं. या खेळात औषधी मुळ्या विकणाऱ्या अंध बायका आहेत. माल घेतल्यावर पैसे किती टाकायचे ते खेळणाऱ्याने स्वतः मोजायचं असतं. त्याने कमी टाकले तर बाई काही बोलत नाही, शिपाई धावत येत नाही, आकडा लाल होत नाही. पण प्रामाणिकपणाचा हिशेब आत कुठेतरी खाली गेलेला असतो, आणि पुष्कळ पुढे, त्या गुणाच्या ध्यानस्थळी पोचल्यावर, आपण अजून लायक नाही हे त्याला कळतं. त्याचप्रमाणे भिकाऱ्याला दिलेलं दान, आजाऱ्यासाठी दिलेलं रक्त, बढाई मारणारं एखादं उत्तर, या सगळ्याची नोंद होते. मोजक्या रंगांचे ओबडधोबड चौकोन एवढीच या खेळाची चित्रं होती. तरी कर्म आणि फळ यांच्यात काळ जातो, आणि कर्माच्या क्षणी कोणी पाहत नसतं, हे दोन्ही त्याने नियमांत बसवलं.

आपल्याकडे २०२० साली पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या संस्थेने 'राजी: ॲन एन्शन्ट एपिक' हा खेळ जगभर विकायला आणला. भारतीय खेळांच्या इतिहासात त्याचं स्थान मोठं आहे. राजस्थानी वास्तूंची आणि पहाडी चित्रशैलीची छाया, मधल्या कथाभागांसाठी वापरलेलं छायाबाहुल्यांचं रूप, आणि दुर्गा व विष्णू यांच्या संवादातून पुढे सरकणारी कथा, हे सगळं अतिशय देखणं आहे. त्यांनी एक निर्णय फार शहाणपणाने घेतला: खेळणारा देव होत नाही, तो राजी नावाची एक साधी मुलगी होतो, जी आपल्या हरवलेल्या भावाला शोधते आहे. पण हा खेळ हातात घेतल्यावर बहुतेक वेळ जातो तो त्रिशूळ आणि धनुष्य चालवून असुरांच्या तुकड्या पाडण्यात. दुर्गेने दिलेलं शस्त्र आहे, पण ते कधी उगारू नये हा प्रश्न खेळ विचारत नाही. मी राजीचा आदर करून म्हणतो, की आपल्या पुराणांचं रूप त्याने जगाला दाखवलं; आपल्या पुराणांचा विचार खेळात उतरवण्याचं काम अजून व्हायचं आहे. आणि त्या कामाला पुण्यातल्या संस्थेने घेतली तेवढी वर्षं आणि तेवढा पैसा लागेल असंही नाही, हे 'अल्टिमा'च्या मोजक्या रंगांच्या चौकोनांनी १९८५ सालीच दाखवून दिलं आहे.

यावर पहिला आक्षेप श्रद्धाळू माणसाचा येतो आणि तो हलक्याने घेण्यासारखा नाही. २००९ साली प्लेस्टेशन २ साठी 'हनुमान: बॉय वॉरियर' हा भारतात बनवलेला खेळ आला, तेव्हा परदेशातल्या काही हिंदू संघटकांनी हाच आक्षेप घेतला होता: ज्याची आपण पूजा करतो तो देव मुलाच्या बोटांवर नाचणार, पडणार, मरणार आणि बटण दाबलं की पुन्हा उठणार, हे बरं नाही. देवाचं सोंग घेणं आपल्या मातीला परकं आहे असं मात्र म्हणता येत नाही. २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यात असलेल्या जव्हार-मोखाड्याच्या आदिवासी गावांत बोहाड्याच्या रात्री गणपतीपासून रावणापर्यंतचे मुखवटे नाचतात. सिंधुदुर्गात दशावतारी नट लिहिलेल्या संहितेशिवाय रात्रभर पुराणकथा उभी करतो. डोंबिवलीच्या गणेश मंदिर संस्थानने १९९९ साली सुरू केलेल्या नववर्ष स्वागतयात्रेत आता दर गुढीपाडव्याला मुलं राम, सीता, जिजाऊ, शिवराय होऊन रस्त्याने चालतात. पण या सगळ्या परंपरांत सोंग घेण्याला एक शिस्त असते. बोहाड्यातला मुखवटा पूजेशिवाय डोक्यावर चढत नाही, आणि तो चढला की नाचणारा आपल्या मर्जीचा राहत नाही. बटणावर चालणाऱ्या देवाला ही शिस्त नाही, आणि म्हणून आक्षेप घेणाऱ्याचं निम्मं म्हणणं मला मान्य आहे: असल्या खेळात खेळणाऱ्याने देव होऊ नये. त्याने कोण व्हावं, हे एकनाथांनी भारुडांत दाखवलं आहे. सोळाव्या शतकात त्यांनी विंचू चावलेला माणूस, जोशी, वासुदेव, गोंधळी, सासुरवाशीण अशी सोंगं गाण्यात आणली. सोंग जिवाचं, प्रश्न जिवाचा, आणि देव समोर. मोक्षपटावरची सोंगटीही विष्णूची कधी नव्हती. ती खेळणाऱ्याची स्वतःची होती. नचिकेता, युधिष्ठिर, अर्जुन, शबरी, श्रावणबाळ, वाटेवरचा एखादा वारकरी, यांच्यापैकी कोणीही होऊन खेळता येईल.

दुसरा आक्षेप अभ्यासकाचा आहे. ग्रंथ ठरलेला असतो, त्याचा शेवट ठरलेला असतो. खेळात मात्र निवड असते. अर्जुनाने लढायला नकार दिला तर पुढे काय? मग ते महाभारत राहील का? मला वाटतं हा आक्षेप ग्रंथांना वाटतात त्याहून बंदिस्त समजतो. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम हाती घेतलं आणि ते १९६६ साली पुरं झालं. सुमारे १,२५९ हस्तलिखितं त्यासाठी ताडून पाहावी लागली, कारण प्रांतोप्रांती पाठ वेगळे होते. मोरोपंतांच्या नावावर १०८ रामायणं आहेत, आणि त्यांतली कित्येक स्वतःवर घालून घेतलेल्या नियमांनी बांधलेली आहेत. निरोष्ठ रामायणात ओठ जुळवून उच्चारायची अक्षरं पूर्ण टाळलेली आहेत. एका भाविक पंडिताने रामकथेशी आयुष्यभर अशी नियमांची क्रीडा केली आणि कोणाला त्यात अवमान दिसला नाही. १६१६ साली गोव्यात छापलेल्या ख्रिस्तपुराणात थॉमस स्टीफन्स या इंग्रज धर्मगुरूने बायबल मराठी ओवीत आणलं, तेव्हाही ग्रंथाने नवं अंग धरलं आणि तो ग्रंथच राहिला. आणि निवडीचं म्हणाल, तर ती मूळ संहितेतच आहे. उद्योगपर्वात कृष्ण अर्जुनाला आणि दुर्योधनाला विचारतो, की एका बाजूला माझी नारायणी सेना आणि दुसऱ्या बाजूला निःशस्त्र मी, काय हवं? गीतेच्या १८व्या अध्यायाच्या ६३व्या श्लोकात, सगळं सांगून झाल्यावर, तो अर्जुनाला सांगतो की याचा पुरता विचार कर आणि मग तुला वाटेल ते कर. ज्या ग्रंथात देव निवड शिष्यावर सोपवतो, त्या ग्रंथावरच्या खेळाने ती खेळणाऱ्यावर सोपवली तर बिघडलं काय? अर्जुन उठला नाही, तर खेळाने त्याला उठला नाही म्हणून शिक्षा करू नये. त्या नकाराचे परिणाम दाखवावेत, हस्तिनापुरात पुढची वर्षं कशी गेली असती ते दाखवावं, आणि मग पुन्हा त्या रथावर आणून बसवावं.

वनपर्वातलं यक्षप्रश्नाचं आख्यान तर खेळ म्हणूनच रचलं असावं असं वाटतं. तहानलेले पांडव, एक सरोवर, आणि अदृश्य आवाजाची एकच अट: आधी माझ्या प्रश्नांची उत्तरं दे, मग पाणी पी. नकुल येतो, ऐकत नाही, पडतो. सहदेव पडतो, अर्जुन पडतो, भीम पडतो. चौघांची ताकद वेगवेगळी आहे आणि ती इथे कोणाच्याही कामी येत नाही. जगातल्या बहुतेक खेळांत बळ वाढवत नेलं की दार उघडतं. इथे सर्वांत बलवान भावाचं प्रेत काठावर पडलेलं आहे. युधिष्ठिर थांबतो, आणि थांबणं हीच इथली पहिली परीक्षा आहे. मग प्रश्नोत्तरं होतात आणि यक्ष म्हणतो, एका भावाला उठवतो, सांग कोणाला. युद्ध समोर आहे. हिशेबाने पाहिलं तर अर्जुन हवा किंवा भीम हवा. युधिष्ठिर नकुलाचं नाव घेतो. कुंतीचा एक मुलगा मी जिवंत आहे, माद्रीचाही एक असावा, एवढंच त्याचं कारण. हा प्रसंग मुलाला वाचून दाखवला तर तो मान डोलावेल. पण त्याच मुलाने तोवर अर्जुनाला घेऊन चार लढाया जिंकलेल्या असतील, पुढे मोठी लढाई आहे हे त्याला माहीत असेल, आणि पडद्यावर चार नावं समोर असतील, तर नकुलाच्या नावावर बोट ठेवताना त्याला काय सोडावं लागतं हे कळेल. भूमिकेच्या खेळाचं सामर्थ्य इथे आहे. वाचकाला युधिष्ठिराचा त्याग समजतो. खेळणाऱ्याला तो करावा लागतो. आणि खेळणाऱ्याने अर्जुनाला निवडलं, तर खेळाने 'चूक' म्हणू नये. अर्जुन उठावा, बाकीचे तिघे तसेच पडलेले राहावेत, आणि खेळ पुढे चालू राहावा.

तिसरा आक्षेप मला सर्वांत अवघड वाटतो. खेळ म्हटला की बक्षीस आलं, आणि बक्षीस आलं की सद्गुण हे बक्षीस मिळवण्याचं साधन झालं. दान केलं की दहा गुण, खरं बोललं की वीस. अशाने मूल दानी होणार नाही, हिशेबी होईल. निष्काम कर्म शिकवणारा ग्रंथ फळाच्या आकड्यांवर कसा चालवायचा? व्रतकथांच्या शेवटी फलश्रुती असतेच, असं म्हणून हा आक्षेप टाळता येईल, पण तो टाळू नये. हिशेब लपवून ठेवला तरी तो पुरता सुटत नाही, कारण लपलेला हिशेबही चार दिवसांत शाळेच्या बसमध्ये सगळ्यांना ठाऊक होतो. म्हणून खेळात काही निवडी अशा हव्यात, की त्यांचा हिशेब खेळ खरोखरच ठेवत नाही. दिलं काय आणि न दिलं काय, आकडा हलत नाही, कोणी आभार मानत नाही. तरी काही मुलं देतील, आणि ते देणं सर्वस्वी त्यांचं असेल. दुसरा उपाय कठोपनिषदात आहे. यमाच्या दारात तीन रात्री थांबलेल्या नचिकेताला तीन वर मिळतात. तिसऱ्या वराने तो मृत्यूनंतर काय असतं हे विचारतो, आणि यम त्याला त्याऐवजी हत्ती, घोडे, सोनं, जमीन, शंभर वर्षं जगणारी मुलं-नातवंडं, रथ आणि अप्सरा देऊ करतो. रोजच्या खेळांत मुलं तासन्‌तास ज्या गोष्टी गोळा करतात, त्यांचीच ही यादी आहे. या आख्यानावरच्या खेळात यमाने एकेक वस्तू पुढे करावी, आणि खेळणाऱ्याने कुठलीही घेतली की तिथेच, वाजतगाजत, 'तुम्ही जिंकलात' म्हणून खेळ संपावा. जो सगळं नाकारतो त्याच्यापुढेच उरलेला अर्धा खेळ उघडावा. बक्षिसाची सवय मोडण्यासाठी बक्षीसच वापरायचं, हे यमानेच शिकवलेलं आहे.

आणखी एक धोका आहे, त्याबद्दल थोडक्यात पण स्पष्ट बोललं पाहिजे. धर्माच्या नावाने काढलेल्या खेळात शत्रू कोण असेल? चेहरा नसलेले, बोली नसलेले, मारण्यासाठीच जन्माला आलेले शत्रू ज्या खेळात हजारोंनी येतात, तो खेळ उद्या शेजारच्या इमारतीतल्या माणसाकडेही तसंच पाहायला शिकवू शकतो. मानपाड्याच्या संकुलांत सगळ्या धर्मांची, अनेक भाषांची कुटुंबं एका लिफ्टने वर जातात. महाभारतात समोर उभे आहेत ते भाऊ, गुरू आणि आजोबा; रामायणात बिभीषण आहे, मंदोदरी आहे. समोरच्याशी बोलण्याची सोय नसलेला शत्रू आपल्या या दोन्ही ग्रंथांना मंजूर नाही, म्हणून खेळालाही नसावा. पडद्याच्या व्यसनाचा आक्षेपही खरा आहे, आणि त्याचं उत्तर सोपं आहे: खेळ संपला पाहिजे. मोक्षपट संपत असे. न संपणारे, मधेमधे पैसे मागणारे खेळ हा धंद्याचा भाग आहे, खेळाच्या स्वभावाचा नव्हे. पैसे लावून खेळण्याच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये केला. पणाला लावण्याचा शेवट काय होतो, हे सभापर्वाने त्याच्या कितीतरी आधी लिहून ठेवलं होतं.

डोंबिवलीत पालिकेचं मोठं क्रीडासंकुल आहे, त्याला ह. भ. प. सावळाराम महाराज म्हात्रे यांचं नाव आहे. एका वारकरी महाराजांचं नाव मैदानाला दिलेलं पाहून इथल्या कोणाला नवल वाटत नाही, आणि वाटू नये. तुकारामांच्या गाथ्यात चेंडूफळी, विटीदांडू, हुतुतू, हमामा, फुगडी या खेळांवर अभंग आहेत, आणि त्या अभंगांत खेळाचा नियमच अध्यात्माचा नियम झालेला आहे. पोरं जे खेळत होती तेच संतांनी हाती घेतलं. आज पोरं मोबाइलवर खेळतात. तेव्हा या भागातल्या कीर्तनकारांना, संस्कृत आणि मराठी शिकवणाऱ्या शिक्षकांना आणि रोज पहाटेच्या लोकलने कामाला जाणाऱ्या संगणकाच्या अभियंत्यांना माझी विनंती आहे, की एकत्र बसून एक लहान खेळ करा. यक्षप्रश्नापासून सुरुवात करा. चित्रं साधी असोत, पण पिंगुळीच्या चित्रकथीसारखी आपली असोत. संवाद चांगल्या मराठीत लिहा, तेवढ्यासाठी वेळ द्या. खेळ अर्ध्या तासात संपू द्या, त्यात जाहिरात नको, आणि तो फुकट वाटा. नियम लिहायला बसाल तेव्हा मात्र कीर्तनकाराला शेजारी बसवा. चित्रं रंगवायची वेळ आल्यावर त्याला बोलावून उपयोग नाही.